सरळ रेषेत नुसता पाय दाबायचा?
ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्यांची सरळ रेषेतली छोटी शर्यत. ‘ड्रॅग रेसमध्ये वळणं नाहीत, म्हणून चालकाचं कसब कमी’ हे तुमच्या त्यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. हिरवा दिवा लागल्यावर आधी कोण सुटतं, यावर कितीतरी शर्यती फिरतात; कमी वेळात अंतर कापलेली गाडीही उशिरा सुटल्यामुळे हरते. टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान गटात तर चाकं घसरली की ॲक्सिलरेटरवरून पाय किती उचलायचा, हे ठरवायचं ते जेमतेम चार सेकंदांच्या धावेत!

आणि लेखात अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सचं नावही नाही? १९७० मध्ये गिअरबॉक्स फुटून त्याच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. पठ्ठ्याने पुढच्याच वर्षी इंजिन चालकाच्या पुढे नाही, तर पाठीमागे असलेली गाडी आणली आणि जिंकायला लागला. टॉप फ्युएलवाल्यांनी मग तीच रचना उचलली.