तो ‘सात स्टेप’वाला सीसीटीव्हीचा मेसेज पुढे पाठवू नका, प्लीज

परवा रात्री साडेदहाला वाईहून काकांचा फोन. "अरे, सातच्या सात स्टेप केल्या त्यात लिहिल्याप्रमाणे, तरी कॅमेरे काही दिसेनात. आता तूच बघ." त्यात म्हणजे कशात, तर फॅमिली ग्रुपवर आलेल्या मेसेजमध्ये. तुमच्याकडेही पोचला असेलच. बाहेरगावाहून घरचे कॅमेरे मोबाईलवर दिसत नसतील तर राउटरमध्ये डीडीएनएस टाका, त्याने प्रायव्हेट आयपी पब्लिक होतो, डीएनएस ८.८.८.८ करा, पोर्ट ८० चा ८०८० करा म्हणजे हॅकरला सापडत नाही, डीएमझेड ऑन करून त्यात डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा) आयपी टाका, फायरवॉल ऑफ करा, राउटर रोज बंद-चालू करा, आणि कंपनीचं अ‍ॅप काढून टाका कारण व्हिडिओ परदेशात जातो. खाली चार हात जोडलेले आणि ‘नेटवाले हे कधीच सांगणार नाहीत’.

नेटवाले सांगत नाहीत कारण यातलं निम्मं चूक आहे आणि उरलेलं धोक्याचं. रविवारी वाईला गेलोच. डीव्हीआर टीव्हीच्या वर, त्यावर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल, रुमालाच्या खाली डबा तापून पापड भाजता येतील इतका. तो रुमाल आधी काढला.

पहिलाच मुद्दा घ्या, डीडीएनएसने आयपी पब्लिक होतो. (आयपी म्हणजे नेटवरचा पत्ता; पब्लिक असेल तर बाहेरून सापडतो, प्रायव्हेट फक्त आत चालतो.) कसा होईल? डीडीएनएस फक्त एवढंच करतं की तुमचा आयपी बदलला की तुमच्या घराला दिलेल्या नावासमोरचा आकडा बदलून ठेवतं. टेलिफोन डिरेक्टरीत नंबर बदलून छापला म्हणून ज्याच्याकडे फोनच नाही त्याच्या घरी घंटी वाजत नाही. काकांच्या राउटरचं स्टेटस पान उघडलं तर डब्ल्यूएएन आयपी (राउटरला नेट कंपनीकडून मिळालेला पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा, आणि त्याच वायफायवर मोबाईलमध्ये ‘माझा आयपी काय’ दाखवणारी साईट उघडली तर भलताच आकडा. इथेच निकाल लागला खरं तर. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते हे २०१२ सालच्या आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियमपत्रिकेने खास नेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत. पत्ते संपलेत, आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे एकूणच सव्वाचार अब्जांच्या आसपास, म्हणून कंपनी एकाच पब्लिक पत्त्यामागे शेकडो घरं बसवते, यालाच सीजीनॅट म्हणतात. जुन्या वाड्यात पत्ता एक आणि आत बिऱ्हाडं चाळीस असायची तसंच, फरक इतकाच की इथे दिंडीदरवाजावर कोण कुठल्या खोलीत राहतं हे सांगायला कोणी बसलेलं नाही. आतून कोणी पत्र पाठवलं तर त्याचं उत्तर बरोबर त्याच्याकडे येतं, पण बाहेरून आपणहून कोणी आलं तर ते दारातूनच परत. त्यात काही राउटर डीडीएनएसला हा १०० वालाच आकडा कळवतात, जो बाहेर कुठेच चालत नाही, काही राउटर बाहेरचा कळवतात, तेव्हा वाट नेटवाल्याच्या दारापर्यंत जाते आणि तिथेच संपते. तुम्ही तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट (आत शिरायच्या नंबर दिलेल्या खिडक्या) उघडा, दरवाजा त्यांचा आहे.

(राउटरवर १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा डब्ल्यूएएन दिसला तर आधी बघा की फायबरचा डबा स्वतःच राउटर होऊन बसलाय का आणि तुमचा राउटर त्याच्या मागे लावलाय का. मग दोन्हीकडे पोर्ट उघडावं लागतं, किंवा डब्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरगिरी सोडून नुसतं नेट पुढे द्यायला, टाकायला सांगावं लागतं.)

८.८.८.८ चं तर हसूच आलं. डीएनएस म्हणजे नावावरून आयपी शोधून देणारी सोय, ते तुम्ही दुसऱ्यांची नावं शोधायला वापरता, तुमचं नाव जगाला सापडायला त्याचा काय संबंध. फार तर जुना पत्ता कुठेतरी थोडा वेळ साठून राहिलेला असतो, तेवढ्यापुरतं डीएनएस बदलून फरक पडतो.

आता डीएमझेड. माझा खरा राग यावर आहे. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये तुम्ही एक खिडकी उघडता, डीएमझेडमध्ये ज्याला वेगळा नियम नाही असा बाहेरून येणारा प्रत्येक पोर्ट त्या एका डब्यावर सोडता. कॅमेऱ्याचं पान सोडा, डब्याला दुरून हुकूम देता येतात ते टेलनेटसुद्धा. आणि काकांच्या डीव्हीआरचा पासवर्ड काय, तर १२३४५६, बसवणाऱ्या पोराने ठेवलेला, डब्यावर स्टिकर लावून. २०१६ साली मिराय नावाचं जे प्रकरण झालं ते नेमकं यावरच. तो प्रोग्रॅम इंटरनेटवर टेलनेट उघडं असलेले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर शोधायचा आणि कंपनीने दिलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून बघायचा. एवढंच. त्यावर जमवलेल्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस चालवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेत कित्येकांना काही तास उघडेनात. गंमत म्हणजे ही तीच डिन, जिच्या फुकटच्या डीडीएनएसवर एके काळी लोक आपापले घरचे कॅमेरे बघायचे.

काका म्हणाले, "पण माझ्याकडे काय चोरायचंय, अंगणातली तुळस?" काका, तुमच्याकडचं काही चोरायचं नसतं, तुमचा डबा वापरायचा असतो. शिवाय त्याच डब्यातून घरातल्या बाकी सगळ्यावर हात टाकता येतो, काकूंच्या बँकेच्या अ‍ॅपचा मोबाईल त्याच वायफायवर आहे.

‘इतके दिवस डीएमझेड चालू होतं, काही झालं नाही’ हे म्हणायची सोय नाही, कारण काही झालं नाही ते सीजीनॅटमुळे, ज्याला काका आठवडाभर शिव्या देत होते. पुढच्या महिन्यात ते पैसे भरून स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा पब्लिक पत्ता) घेणार होते! म्हणजे दार मिळालं त्याच दिवशी सताड उघडं. आणि फायरवॉल ऑफ हे त्याहून वाईट, कारण आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत असेल तर नॅटचा, म्हणजे एका पत्त्यामागे अनेक डबे बसवण्याचा, आडोसा नसतोच, प्रत्येक डब्याला थेट बाहेरचा पत्ता मिळतो, आणि मध्ये असते ती फक्त राउटरची फायरवॉल. काही राउटरमध्ये ते एकच बटण आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हीसाठी आहे.

८०८० बद्दल एकच सांगतो. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप नावाचं इंटरनेट चाळणारं साधन काढलं, त्याने एक पोर्ट धरून अख्खं आयपीव्ही४ पाऊण तासाच्या आत तपासता येतं. ८०८० तर कोणीही आधीच बघेल.

राउटर बंद-चालू केल्याने कधी कधी नवीन आयपी मिळतो, खरं आहे, आणि पब्लिक आयपी वरचेवर बदलत असेल तर डीडीएनएस हवंच, तेही मान्य. सीजीनॅटमध्ये मात्र रोज चालू-बंद करून नुसतं बटण झिजेल. अ‍ॅपचंही अर्धं खरं, कंपनीच्या सर्व्हरवर भरवसा ठेवावा लागतो आणि ते सगळ्यांना आवडेल असं नाही. पण ते अ‍ॅप सीजीनॅटमध्ये चालतं कारण डीव्हीआर स्वतः आतून बाहेर फोन लावतो. ते काढून डीएमझेड लावणं म्हणजे चोराची भीती म्हणून भिंत पाडणं.

आणखी एक, जे मेसेजमध्ये नाहीच. घरच्याच वायफायवर बसून डीडीएनएसचं नाव टाकलं आणि उघडलं नाही तर घाबरू नका, बऱ्याच राउटरना आतून बाहेर जाऊन परत आत वळता येत नाही. वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर बघा, मग बोला. काकांनी आठवडाभर सगळ्या टेस्ट सोफ्यावर बसून केल्या होत्या.

काकांकडे शेवटी काय केलं? डीएमझेड बंद, फायरवॉल परत चालू, राउटरमधलं यूपीएनपी (आतल्या डब्यांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद, डीव्हीआरचा फर्मवेअर (आतला प्रोग्रॅम) अपडेट, पासवर्ड बदलला, अ‍ॅप परत टाकलं. अ‍ॅप नको असेल त्यांनी घरी एखादा जुना कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) चालू ठेवून त्यावर टेलस्केल, म्हणजे मोबाईल आणि घर यांच्यात खासगी वाट जोडणारा प्रोग्रॅम, टाकावं, त्याला पब्लिक आयपी लागत नाही आणि एकही पोर्ट उघडावा लागत नाही. फक्त तेही १०० नेच सुरू होणारा आयपी देतं, तो बघून परत सीजीनॅटच्या नावाने मला फोन करू नका. स्टॅटिक आयपी घ्यायचाच असेल तर घ्या, पण त्यावर वायरगार्डचं व्हीपीएन (घरापर्यंतची कुलूपबंद खासगी वाट) लावा, आणि तो चालू व्हायच्या आधी राउटर उघडून डीएमझेडच्या रकान्यात काही राहिलंय का ते बघा.