‘निसर्गप्रेमी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : भिंतीवरचे सालिम अली

भाऊ, नमस्कार.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अलींच्या चित्राबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही ‘निसर्गप्रेमी’ या नावानं लांबलचक प्रतिक्रिया दिली. ती ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे असे : चेहरा जुळत नाही. मागच्या फांदीवर रानपिंगळा, म्हणजे रानातलं ते दुर्मिळ छोटं घुबड, काढला, तो चुकीच्या काळातला आहे, हा ‘अडाणीपणा’. रंगावर घातलेला पैसा पाणवठ्यावर घालायला हवा होता. आणि शेवटचं वाक्य, तुमच्याच शब्दांत : ‘दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या खेडवळ पेंटरकडून एवढ्या मोठ्या माणसाचं चित्र काढून घेणं ही त्याची विटंबना आहे, त्यापेक्षा फोटोचा फ्लेक्स लावला असता.’

पिंगळ्याच्या बाबतीत तुमचा हिशेब बरोबर आहे. सालिम अली १९८७ मध्ये गेले आणि १८८४ नंतर खात्रीनं कोणालाच न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. दोघांना एका चौकटीत बसवलं, हे मान्य. पण तो पक्षी आज आमच्या मेळघाटात आहे आणि गावच्या लेकरांना तो माहीत व्हावा म्हणून काढला आहे, एवढं लक्षात घेतलं असतं तर ‘अडाणीपणा’ हा शब्द वापरावा लागला नसता. पाणवठ्याचं म्हणाल तर रंग लोकवर्गणीतून आला आणि पेंटरनं मजुरी घेतली नाही. कुठल्या पाणवठ्याचा पैसा वळवलेला नाही. तो विषय इथंच संपला.

आता तुमचं शेवटचं वाक्य.

माझे वडील पेंटर होते. किराणा दुकानाच्या पाट्या, बैलगाड्यांच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांनी रंगवलं. १४ एप्रिल जवळ आला की बाबासाहेब, पुण्यतिथीला तुकडोजी महाराज, आणि गाडगेबाबा तर बारा महिने. मी त्यांच्या हाताखाली डबे धरले, ब्रश धुतले, रॉकेलच्या वासात वाढलो. पुढं मी चित्रकला शिकवली ती पदविकेच्या कागदावर, पण हात त्यांच्याकडून आलेला आहे. त्यामुळं ‘पाट्या रंगवणारा’ हे तुम्ही शिवीसारखं लिहिलं तेव्हा ते मला लागलं, आणि ते मी लपवणार नाही.

गाडगेबाबा १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ गेले. माझ्या लहानपणी त्यांना डोळ्यांनी पाहिलेली, त्यांच्या कीर्तनाला बसलेली म्हातारी माणसं गावात होती. वडिलांनी बाबांचं चित्र काढलं की ही माणसं समोर येऊन उभी राहायची आणि बोलायची : खराटा मोठा झाला, चिंध्या एवढ्या नीट नव्हत्या, नजर अजून कडक होती. वडील ऐकायचे, दुरुस्त करायचे. फोटोशी मिळवून पाहायला कोणी येत नव्हतं. खापर, खराटा आणि गोधडी दिसली की बाबा दिसायचे. ज्यांनी खरे बाबा पाहिले त्यांना त्यात विटंबना दिसली नाही. ती तुम्हाला आज दिसते, तेही मोबाइलवरच्या एका फोटोवरून. तुम्ही ती भिंत पाहायला आला नाहीत, एवढं तरी कबूल कराल?

आणि फोटो असताना चित्र कशाला, हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाहीत. चार्ल्स डार्विनचे उत्तम फोटो त्याच्या हयातीतच निघाले होते. जूलिया मार्गारेट कॅमरनसारख्या नामवंत छायाचित्रकर्तीनं १८६८ मध्ये त्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं. तरीही १८८१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेसाठी जॉन कोलियरनं त्याचं तैलचित्र काढलं : अंगावर लांब गडद झूल, हातात टोपी, आत्ताच फिरून आलेला किंवा निघालेला म्हातारा. आज डार्विन म्हटलं की अनेकांना हेच रूप आठवतं. सोसायटीतल्या विद्वानांना फोटो माहीत नव्हते असं तुम्ही म्हणणार आहात का? चित्रकार काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवतो. आमच्या पेंटरनं सालिम अलींचा चष्मा, टोकदार पांढरी दाढी, गळ्यातली दुर्बीण आणि हातातली टिपणवही ठेवली. नाक थोडं रुंद आलं असेल. पण दहा वर्षांचं लेकरू त्या भिंतीकडं बोट दाखवून ‘पक्ष्यांवाले आजोबा’ म्हणतं, ते त्या वहीमुळं आणि दुर्बिणीमुळं.

फ्लेक्सबद्दल मला खरोखर राग आहे, तोही सांगून टाकतो. फ्लेक्स म्हणजे प्लास्टिक. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि जाड फ्लेक्सही कुजत नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात तो फिका पडतो, वादळात फाटतो, मग कोणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो, शेवटी नाल्यात. केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचावं म्हणून ज्यानं आवाज उठवला, त्या माणसाचा चेहरा प्लास्टिकवर छापून नाल्यात जाऊ द्यायचा, आणि विटंबना मात्र ऑइल पेंटनं होते? याच फ्लेक्सनं वडिलांच्या शेवटच्या वर्षांत त्यांचं काम नेलं. एका कार्यालयानं त्यांच्याकडून पाटी लिहून घेतली, पैसे लांबवले आणि पावसाळ्याआधी तिच्यावर फ्लेक्स ठोकला. तेव्हा मी गप्प बसलो होतो. आता बसणार नाही.

भिंत रंगवताना काय झालं, हे तुम्हाला फोटोत दिसणार नाही. भिंत खरवडली, पुट्टी भरली, गेरूत भिजवलेली सुतळी ताणून चौकटी पाडल्या, आणि वर्तमानपत्राच्या कात्रणावरून एकेक चौकट वर चढली. लेकरं मधल्या सुट्टीत तिथंच. रानपिंगळ्याचं डोकं रंगवताना पेंटर थांबला आणि मला म्हणाला, ‘गुरुजी, याच्या डोक्यावर ठिपके काऊन नाहीत? आपल्या वडावरच्याले तं हायेत.’ हाच तो फरक. गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो. हे मी वर्गात सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत विसरले असते. दुसऱ्या दिवशी चार पोरं वडाखाली मान वर करून उभी होती, ठिपके शोधत. तुमच्या फ्लेक्सनं हा प्रश्न कोणाला पडला असता?

मुंबईच्या एका पोरानं छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ती घेऊन ते १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडं गेलं. ‘ही कोणती?’ एवढंच विचारायला. तिथून सालिम अली घडले. एका डागापासून. त्यामुळं ठिपके मोजणाऱ्या पोरांसमोर मला नाकाच्या रुंदीची चिंता वाटत नाही, आणि तुमच्यासारख्या पक्षीनिरीक्षकानं ती करावी याचं वाईट वाटतं.

अजून एक. तुम्ही खरं नाव न लिहिता एका कष्टाच्या माणसाला खेडवळ म्हटलं. त्यानं भिंतीच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहिलं आहे. मतभेद करा, खुशाल करा, पण तो शब्द मागे घ्या. तो इथं दिसत राहिला तर मी प्रतिक्रिया काढणार नाही, लोकांना वाचू द्या. पण पुढं उत्तरही देणार नाही.

सालिम अलींच्या डाव्या बाजूची भिंत अजून कोरी आहे. तिथं वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली येणार. राज्याचा पक्षी सप्ताह त्यांच्या ५ नोव्हेंबरच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या १२ नोव्हेंबरपर्यंत असतो, तेव्हा दोघं शेजारी असले पाहिजेत. तुमच्याकडं चितमपल्लींचा मेळघाटच्या दिवसांतला चांगला फोटो असेल तर जरूर पाठवा, पेंटरला दाखवतो. चित्र तोच काढेल.