भिंत अंगावर येते तेव्हा

सांगलीच्या आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सोमवारी एक भांडण ठरलेलं. आदल्या रात्री टीव्हीवरच्या स्किटमध्ये कुणीतरी साडी नेसून धपकन पडलेलं असतं, आणि मग सुरू: 'पडापडी म्हणजे विनोद का? आपली परंपरा कोटीची, शब्दांची.' इतकी वर्षं मीही त्याला निमूट अंगठा देत आलो.

राहतो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत. मूकपटांच्या जमान्यातला विनोदी नट बस्टर कीटन, त्याच्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर' या मूकपटाचं (१९२८) गाव इथल्याच नदीकाठी उभारलं होतं. त्यातला वादळाचा प्रसंग परवा पुन्हा पाहिला. दुमजली घराची दर्शनी भिंत सबंधच्या सबंध कीटनवर कोसळते. तो हलत नाही. पोटमाळ्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते आणि तो तसाच उभा! खिडकी आणि तो यांच्यात जेमतेम काही इंचांचं अंतर. भिंतीला तळाशी बिजागऱ्या होत्या. ती हलकी करता आली नसती, कारण वारा सोडणाऱ्या यंत्रांपुढे हलकी भिंत पिळवटली असती आणि खिडकीची जागा चुकली असती. म्हणजे हसू यावं म्हणून भिंत जड हवी. हे सुताराचं डोकं आहे, विदूषकाचं नव्हे. किंवा दोघांचंही.

म्हणून माझा ग्रुपशी मतभेद वेगळा आहे. स्किटमधला तो साडीवाला पडला याचं मला वाईट वाटत नाही. कसाही पडला याचं वाटतं. तमाशातला सोंगाड्या शब्दांइतकाच अंगानंही हसवतो, तेव्हा 'आपली परंपरा' म्हणताना त्याला दाराबाहेर का ठेवायचं? भरतमुनींनीही अभिनयाच्या यादीत आंगिकाला, म्हणजे अंगानं करायच्या अभिनयाला, मानाची जागा दिली आहे. (हे लिहिलं की दोघं तरी ग्रुप सोडतील.)

इथलं सगळं सोन्याचं, असंही नाही. कीटनसारखाच मूकपटातला विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड, त्याच्या हातात १९१९ साली खोटा समजलेला बॉम्ब फुटला, अंगठा आणि तर्जनी गेली. पुढं 'सेफ्टी लास्ट!'मध्ये (१९२३) घड्याळाच्या काट्याला लोंबकळला तो कृत्रिम बोटांचा हातमोजा घालून. कीटनचा जीव घेऊ शकणारा तो शॉट आज इथं कुणी नटाला करू देणार नाही, आणि ते बरंच आहे. शिवाय ज्या साली 'स्टीमबोट बिल' आला, त्याच साली स्वतःचा स्टुडिओ सोडून कीटन एमजीएम या बड्या फिल्म कंपनीच्या पगारावर गेला आणि त्याच्या गमती त्याच्या हातात राहिल्या नाहीत. मोजमाप करायला लागणारा वेळ आणि मोकळीक मालकांनी तिथंही काढूनच घेतली. आपल्याकडे आठवड्याला नवं स्किट उभं करणाऱ्या पोरांना ती कुठून मिळणार? त्यांना 'पांचट' म्हणण्याआधी तालमीला किती दिवस मिळाले, ते तरी विचारावं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, खाली त्या भिंतीची क्लिप टाकली. तासाभरानं एकाचं उत्तर आलं: 'भारी रे. पण आवाज येत नाहीये, परत पाठव.'