कॅटनिस, पीटा आणि गेल : एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. 'द हंगर गेम्स' या कादंबरीत्रयीची नायिका कॅटनिस, तिच्याबरोबर जीवघेण्या खेळात उतरलेला पीटा आणि तिचा शिकारीतला सोबती गेल यांच्या प्रेमाच्या त्रिकोणातच त्रयीचे राजकारण आहे, असे मी लिहिले होते. ते आपल्याला पटलेले नाही. आपले म्हणणे असे, की हा त्रिकोण म्हणजे किशोरवयीन वाचकांना, विशेषतः मुलींना, धरून ठेवण्यासाठी घातलेला मसाला आहे. भुकेशी आणि सत्तेशी झुंजणाऱ्या कॅटनिसला तो 'हा की तो' एवढ्याच प्रश्नावर आणून बसवतो. आणि शेवटी तर तिला निवडही करावी लागत नाही, कारण लेखिका एका बाँबच्या साहाय्याने गेलचा काटा परस्पर काढून टाकते. जाता जाता आपण उपसंहारालाही टोला हाणला आहे.

मसाल्याबद्दल आपण जे म्हणता ते या प्रकारच्या पुष्कळ पुस्तकांना लागू आहे, यात वाद नाही. सुझन कॉलिन्स यांची ही तीन पुस्तके 2008, 2009 आणि 2010 साली आली, आणि त्यानंतर उद्ध्वस्त जगाच्या पार्श्वभूमीवरच्या किशोर-कादंबऱ्यांचे पेवच फुटले. कीरा कॅस यांची 2012 सालची 'द सिलेक्शन' घ्या. युद्धांनंतर नव्याने उभ्या राहिलेल्या देशात माणसांची एक ते आठ अशी उतरंड आहे, नायिका पाचव्या पायरीवरची आणि तिचा प्रियकर सहाव्या, आणि राजपुत्राने मांडलेल्या उलट्या स्वयंवरासाठी 35 मुली राजवाड्यात आणून ठेवलेल्या. त्या आठ पायऱ्यांत केवढे नाट्य दडलेले होते! पण बंडखोरांचे हल्ले होतात, ओसरतात, आणि गोष्ट पुन्हा त्या दोघांपैकी कोण, याच प्रश्नापाशी येऊन थांबते. तिथे आपला आक्षेप मी शब्दशः मान्य करतो. 'टीम पीटा' की 'टीम गेल' अशी चाहत्यांची जी वाटणी झाली आणि चित्रपटांच्या काळात जिला भरपूर प्रसिद्धी मिळाली, तीही मला आपल्याइतकीच उथळ वाटते. मात्र वाचकांनी पुस्तकाचे काय केले याचा जाब पुस्तकाला विचारता येत नाही.

पुस्तकात हा त्रिकोण जन्माला कसा येतो, ते पाहा. पॅनेम या देशाची सत्ताधारी राजधानी कॅपिटॉल दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलेमुली निवडून त्यांना एका रिंगणात मरेपर्यंत झुंजवते आणि ते साऱ्या देशाला दूरचित्रवाणीवर दाखवते. पहिल्या भागात प्रेम जाहीर होते ते दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत. आपले कॅटनिसवर प्रेम आहे, असे पीटा साऱ्या पॅनेमसमोर सांगतो, आणि हे तिला आधी कोणी विचारलेले नसते. तिची पहिली प्रतिक्रिया म्हणजे त्याला दिलेला धक्का. तो मोठ्या कलशावर कोसळतो, कलश फुटतो आणि त्याचे हात रक्तबंबाळ होतात. तेव्हा हेमिच, म्हणजे दोघांचा मार्गदर्शक, तिलाच झापतो, कारण पीटाने तिला प्रेक्षकांच्या नजरेत हवीहवीशी केलेले असते, आणि प्रेक्षकांना जी हवी असते तिलाच रिंगणात मदत मिळते.

पुढे गुहेतला प्रसंग येतो. पायाची जखम चिघळलेला पीटा तापाने फणफणला आहे आणि मरणाची भाषा करतो आहे. त्याला गप्प करण्यासाठी कॅटनिस त्याचे चुंबन घेते. मुलाचे घेतलेले हे तिचे पहिलेच चुंबन, आणि तिला जाणवते ते एवढेच, की तापाने त्याचे ओठ भलतेच कढत झाले आहेत. ती गुहेबाहेर येते तोच आकाशातून छोट्या पॅराशूटला बांधलेली भेट उतरते. तिला औषध हवे असते. भांड्यात असते ते गरम सूप. हेमिचचा निरोप ती तत्काळ ओळखते : एका चुंबनाला एक भांडे सूप. पुरस्कर्त्यांचे पैसे त्याच्या हाती आहेत, आणि ते सैल व्हायचे तर प्रेम दिसले पाहिजे. जिने बाराव्या जिल्ह्यात बेकायदा शिकार करून आई आणि बहीण जगवली, ती मुलगी हा व्यवहारही त्याच नजरेने पाहते. आपण म्हणता की प्रेमकथेने भुकेची कथा बाजूला सारली. मला या पानांवर प्रेम आणि भूक यांचा हिशेब एकाच वहीत मांडलेला दिसतो.

दुसऱ्या भागात तर हे प्रेम हा सरकारी कामकाजाचाच विषय होतो. पहिल्या भागाच्या शेवटी विषारी फळे तोंडाशी नेऊन त्या दोघांनी कॅपिटॉलला नमवले होते. ते कृत्य प्रेमवेडाचे होते की बंडाचे, यावर आता जिल्ह्यांची शांतता टांगलेली आहे. राष्ट्राध्यक्ष स्नो स्वतः तिच्या घरी येतात, गेलने घेतलेल्या चुंबनाची बातमी आपल्याला आहे हे तिला ऐकवतात आणि पीटावरचे प्रेम साऱ्यांना पटवून दे म्हणून बजावतात. गेलला तर प्रसारमाध्यमांनी आधीच तिचा चुलत-मामे असा कोणीतरी भाऊ ठरवून टाकलेले असते. (मामेभाऊ सांगितल्याने आपल्याकडच्या अनेक घरांत संशय मिटला नसता, उलट बळावलाच असता, पण ते असो.) त्रिकोणाची एक बाजू सक्तीने रंगवायची आणि दुसरी सक्तीने पुसायची, असा हा कारभार आहे. 'हा की तो' हा प्रश्न कॅटनिसला पडण्याआधी राजसत्तेला पडलेला आहे, आणि आपल्या आक्षेपात नेमकी हीच गोष्ट सुटते.

आता गेलविषयी. बाँब ऐनवेळी आकाशातून पडतो आणि लेखिकेची सुटका करतो, हे आपले वाचन तिसऱ्या भागाच्या मधल्या प्रकरणांवर अन्याय करणारे आहे. तिथे जिल्ह्यांनी कॅपिटॉलविरुद्ध युद्ध पुकारलेले आहे, आणि दुसऱ्या जिल्ह्यात डोंगर पोखरून उभारलेला शत्रूचा लष्करी तळ कसा घ्यायचा, याची चर्चा बंडखोरांत चालू असते. तो घ्यायचाच कशाला, कडे कोसळवून वाटा बुजवून टाकू, असे गेल सुचवतो. आतल्या माणसांचे काय होईल ते त्याला कळत नाही असे नव्हे. त्याचे आणि कॅटनिसचे, दोघांचेही वडील एकाच खाणीतल्या स्फोटात गेलेले आहेत. त्याच आठवणीने ती हादरते, आणि तो हादरत नाही. त्याच सुमारास गेल आणि बंडखोरांचा शस्त्रतज्ज्ञ बीटी फासे लावण्याची शिकारी अक्कल माणसांवर वापरू लागले आहेत : पहिला स्फोट होईल, जखमींच्या मदतीला लोक धावतील, मग दुसरा होईल. कॅटनिस हरकत घेते तेव्हा, स्नोने कैदेतल्या पीटाचे डोके फिरवताना जे नियम पाळले तेच आम्ही पाळतो आहोत, असे उत्तर तिला मिळते. याच रचनेच्या स्फोटात, जखमी मुलांकडे धावलेली कॅटनिसची बहीण प्रिम मरते. तो बाँब आपलाच होता का, हे गेलला स्वतःलाही सांगता येत नाही, आणि आता काही केल्या तिच्या मनातून ते जाणार नाही, हे तोच बोलून दाखवतो. याला काटा काढणे म्हणणे मला जड जाते.

त्रिकोणातला तिसरा परस्पर कसा दूर केला जातो, हे हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना सांगायला नको. 1964 च्या 'संगम'मध्ये गोपाळ स्वतःवर गोळी झाडून घेतो आणि प्रश्न मिटतो. दोन मित्रांच्या त्यागाच्या चढाओढीत राधेची इच्छा मागे पडते. कॉलिन्स यांनीही दोन पुरुषांची तशी चर्चा घडवली आहे. कॅपिटॉलमध्ये त्यांना लपवणाऱ्या टायग्रिसच्या दुकानाच्या तळघरात, कॅटनिस झोपली आहे असे समजून, ती कोणाला निवडील यावर पीटा आणि गेल शांतपणे बोलत असतात. ज्याच्यावाचून आपण तगणार नाही असे तिला वाटेल त्याला ती निवडील, असे गेल म्हणतो. फरक एवढाच, की ती जागी आहे, सारे ऐकते आहे आणि दुखावली जाते आहे. आणि कथा तिच्याच तोंडून चालू असल्यामुळे, या दोघांनी तिच्याविषयी केलेला ठोकताळा वाचकालाही तिच्याच कानांनी ऐकावा लागतो.

उरलेला पीटा तिला बक्षीस म्हणून मिळतो, हेही खरे नाही. छळाने आणि विषाने ज्याच्या आठवणी उलट्यापालट्या केल्या आहेत, ज्याने भेटताक्षणी तिचा गळा आवळला, असा तो परत आलेला आहे. प्रत्येक आठवण तो विचारून घेतो : हे खरे की खोटे? दोन पुस्तकभर प्रेक्षकांनी, सत्तेने आणि खुद्द कॅटनिसने जो प्रश्न या प्रेमाला लावला, तोच आता त्यातला एक जण कॅमेऱ्यांच्या माघारी विचारतो आहे. तुझे माझ्यावर प्रेम आहे, हे खरे की खोटे, या त्याच्या प्रश्नाला तिने दिलेले 'खरे' हे शेवटचे उत्तर मला निवडच वाटते, आणि ते पहिलेच उत्तर आहे ज्याच्या बदल्यात तिला कोणी सूप पाठवणार नाही.

उपसंहाराबद्दल मात्र मी आपल्याशी भांडणार नाही. मुले होऊ देण्यास ती पंधरा वर्षांनी तयार होते, हे एवढ्या थोडक्यात उरकले आहे की ती वर्षे त्यांनी कशी काढली याची चुणूकही नीट मिळत नाही. मला ती पंधरा वर्षे वाचायला आवडली असती, आणि त्यासाठी रिंगणातली काही प्रकरणे कमी झाली असती तरी चालले असते.