दया दाखवण्याची रीतसर पद्धत

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ, लागला की दया दाखवायची असते. दाखवायची, हे नीट लक्षात घ्या. हा काळ फार तर २८ दिवसांचा, नाताळ सोमवारी आला तर अवघा २२ दिवसांचा. तेवढे कोणालाही झेपते.

सुरुवात आगमनकाळाच्या चक्रापासून करा. हिरव्या डहाळ्या, तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी; दर रविवारी एकेक पेटवायची. गुलाबी तिसऱ्या रविवारी. मात्र या चक्राचा इतिहास घरात काढू नका. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये विखर्न नावाच्या पाळकाने आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी बैलगाडीसारख्या गाडीच्या जुन्या चाकावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या होत्या. मुलांना हे कळले, तर गरिबांचे चाक आपल्या शोकेसवर कसे आले, असे विचारतील.

मग कपडे. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, असे बाप्तिस्मा करणारा योहान सांगतो. तुमच्या कपाटात चाळीस आहेत, म्हणजे हा नियम तुम्हाला लागू नाही. तरी द्यायचेच झाले तर चेन तुटलेली पँट आणि मुंजीएवढ्या मुलाचा सूट निवडा. धुऊ नका, माप लिहू नका, सगळे एकाच गोणीत कोंबा. मापाप्रमाणे लावून दिले तर घेणाऱ्याला उपसाउपशी करावी लागत नाही, आणि मग वाकलेल्या माणसांचे फोटो मिळत नाहीत.

जागा वीटभट्टीच निवडा. वसईच्या पूर्वेला, भिवंडीकडे दिवाळीनंतर पाड्यांवरची कातकरी कुटुंबे भट्टीवर आलेली असतात, बरीचशी पावसाळ्यातच उचल घेऊन. मजुरी हजार विटांमागे ठरते. म्हणून सकाळी दहाला जा, ऐन थापणीच्या वेळी, आणि आधी तासभर भाषण करा. तेवढ्या वेळात विटा पडत नाहीत, मजुरीही पडत नाही. म्हणजे तुमच्या कार्यक्रमाचा अर्धा खर्च त्यांनीच उचलला. संध्याकाळी काम उतरल्यावर गेलात तर हा लाभ नाही, शिवाय उजेडही कमी असतो.

घोंगडी सिंगल घ्या. पाच जणांचे झोपडे असले तरी फोटोत एकच जण ती धरतो. तांदूळ एक किलो पुरे; पाच जणांची दोन वेळची सोय होते, तिसऱ्या वेळी तुम्ही घरी पोहोचलेले असता. तेल, डाळ, मीठ टाळा, पिशवी फुगत नाही. भट्टीवरच्या मुलांची शाळा सुटते ती थेट पावसाळ्यापर्यंत, पण तो विषय मालकासमोर काढू नका. तोच चहा पाजणार आहे.

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असे शुभवर्तमान सांगते. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपला कळू नये, असे कुठेही लिहिलेले नाही.

घरातल्या कामवाल्या मावशींना मात्र या मोहिमेत ओढू नका. नाताळच्या फराळाचे कुलकुल वळायला, नेवऱ्या तळायला त्यांना रोज दोन तास जास्त थांबवा. तुटलेल्या नेवऱ्या त्यांच्या. पगारात धरण्याचा प्रश्न आला तर, 'मावशी, तुम्ही घरच्याच' असे म्हणा. घरच्या माणसाला कोणी पगार देते का?

राहिला भाऊ. वाडीच्या हद्दीवरून त्याच्याशी बोलणे बंद असेल, तर चूक दानाच्या वेळीच होण्याचा संभव असतो. वेदीपाशी अर्पण ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये, असे प्रभूचे म्हणणे. चर्चमध्ये हे आठवले तर पाकीट पटकन पेटीत टाकून मोकळे व्हा. एकदा पडले की ते परत काढता येत नाही, आणि तुम्हालाही परत फिरावे लागत नाही. नाताळला फराळाचे ताट कुंपणावरून पोराच्या हाती पाठवा. स्टीलचे नको, कागदी पाठवा. स्टीलचे परत करायला तो स्वतः दारात येऊ शकतो.