गोंगाट, जवारी आणि ‘सिस्टर रे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘निपाणीचा एक वाचक’ अशी सही करून आपण माझ्या लेखावर सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या रॉक बँडचा ‘व्हाइट लाइट/व्हाइट हीट’ हा जानेवारी १९६८ मध्ये निघालेला अल्बम प्रत्येक संगीतप्रेमीने एकदा तरी नीट ऐकावा, असे मी त्या लेखात म्हटले होते. आपले म्हणणे असे की, हा निव्वळ गोंगाट आहे आणि तो कुणालाही करता येईल; त्याचे ध्वनिमुद्रण सदोष आहे; आणि विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीला नावे ठेवणाऱ्या, किराणा घराण्याच्या गायकीवर कान तयार झालेल्या बेळगावच्या माणसाने परदेशी डॉल्बीचे गोडवे गावेत, हे विसंगत आहे.

यातला डॉल्बीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. डॉल्बीवर वाजते ते गाणे आधीच पूर्ण झालेले असते. आवाज वाढवल्याने त्यात नवे काही येत नाही, फक्त खिडक्यांची तावदाने थरथरतात. या अल्बममध्ये मोठा आवाज हेच वाद्य आहे. ॲम्प्लिफायरला झेपेल त्याहून अधिक ताकदीचा संकेत त्यात सोडला की ध्वनिलहरीचे शेंडे कापले जातात आणि त्या कापण्यातून मूळ सुरात नसलेले उपस्वर (सुरासोबत उमटणारे वरचे सूर) निर्माण होतात. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावताना तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात, तोही उपस्वरांसाठीच. घोडीच्या किंचित गोलाईला घासत तार कंप पावते आणि कुणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम कानाने करत आले आहेत.

दोन्हींत फरक आहे आणि तो मला लपवायचा नाही. जवारीतून येणारे उपस्वर मूळ सुराशी बहुतांशी जुळतात. ताणलेल्या ॲम्प्लिफायरमधून एकाच वेळी अनेक सूर गेले, तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून मूळ सुरांशी न जुळणारे सूरही उमटतात. आपल्याला जो कर्कशपणा जाणवला, त्याचे मोठे कारण हेच आहे. तो कर्कशपणा खराच आहे. तो नकळत झाला आहे, एवढे मात्र मला मान्य नाही.

कारण तो करणारा, बँडमधला जॉन केल हा हौशी मुलगा नव्हता. वेल्समध्ये जन्मलेला, व्हायोला वाजवणारा आणि संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला केल १९६३ साली अमेरिकेत आला आणि ला मॉन्टे यंग या अमेरिकन संगीतकाराच्या मंडळीत सामील झाला. तिथे एकच सूर किंवा दोन-तीन सुरांची जुळणी दीर्घ काळ धरून ठेवण्याचा अभ्यास चाले. यंग यांच्या कानावर तानपुरा त्याआधीच, १९५५ साली अमेरिकेत निघालेल्या उस्ताद अली अकबर खाँ यांच्या तबकडीवरून, पडला होता. पुढे १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले आणि यंग त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथ उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्या परंपरेतले, तर मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व ही आपल्या भागाला जवळची शाखा. हे नाते अल्बमनंतरचे आहे, त्यामुळे किराण्यातून हा अल्बम निघाला असा दावा मी करत नाही. पण धरून ठेवलेल्या सुराची ओढ दोन्हीकडे आहे, आणि ज्या वारशाची आपण मला आठवण करून दिलीत, त्याच वारशामुळे मी या अल्बमपाशी थांबलो.

‘कुणालाही करता येईल’ या आक्षेपासाठी ‘सिस्टर रे’ हे शेवटचे गाणे पाहावे लागेल. ते सतरा मिनिटांहून मोठे आहे आणि एकाच दमात मुद्रित केलेले आहे. त्यात बेस गिटार नाही. केलने ऑर्गन गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडला आहे. लू रीड आणि स्टर्लिंग मॉरिसन यांच्या गिटारी त्याच्याशी अक्षरशः झुंजतात आणि कोण कोणाला बुडवणार याचा निकाल क्षणाक्षणाला बदलतो. मॉरीन टकर यांचा ड्रमचा ठोका त्याखाली चालू राहतो. अर्धा मिनिट गोंगाट कुणीही करील. सतरा मिनिटे कोसळत असल्यासारखे वाजवत न कोसळणे कठीण असते. आपण फक्त टकर यांच्या ठोक्यावर लक्ष ठेवून हे गाणे एकदा ऐकावे, अशी माझी विनंती आहे. मन दुसरीकडे वळते आहे असे वाटले, तर ऑर्गनवर न्यावे.

ध्वनिमुद्रणाबद्दल आपले निरीक्षण अचूक आहे. सगळ्यांनी आवाज पूर्ण चढवून एकत्र वाजवल्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरला आणि सारे एकमेकांत मिसळले. आवाज कमी करायला बँड तयार नव्हता. रीड यांच्या सांगण्यानुसार तर ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ ‘सिस्टर रे’ चालू असताना खोलीबाहेर निघून गेला. आपण त्याच्या बाजूचे आहात, हे मी समजू शकतो.

खपाविषयीही आपण खोचकपणे विचारले आहे. हा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या खपाच्या यादीत जेमतेम १९९व्या क्रमांकापर्यंत गेला, आणि यादी २०० अल्बमांची होती. त्यावरून तो वाईट ठरत नाही आणि थोरही ठरत नाही. न खपलेल्या प्रत्येक गोष्टीला थोर म्हणण्याची समीक्षकांची खोड मलाही आवडत नाही.

सगळाच अल्बम मला सारखा प्रिय आहे असेही नाही. ‘द गिफ्ट’मध्ये एका बाजूच्या स्पीकरमधून केल एक कथा वाचतो आणि दुसऱ्या बाजूने बँड वाजत राहतो. ही कल्पना पहिल्या वेळी गंमतशीर वाटते, पण कथेचा शेवट कळल्यावर आठ मिनिटे थांबण्याचे कारण उरत नाही. मी ते बहुतेक वेळा वगळतो.

आपण शेवटी विचारले आहे की, या बँडचे कानाला सुसह्य असे काही आहे की नाही. आहे. १९६८ मध्येच केलला बँडमधून बाहेर पडावे लागले आणि १९६९ साली बँडच्याच नावाने निघालेला तिसरा अल्बम बराचसा हळुवार, जवळजवळ कुजबुजत गायलेला आहे. आधी तो ऐकून मग या अल्बमकडे परत यावे, आणि तरीही आपले मत बदलले नाही, तर तसे याच ठिकाणी अवश्य लिहावे; मात्र त्या वेळी कोणत्या गाण्याच्या कोणत्या भागाला आपला आक्षेप आहे, तेही नोंदवावे.