पाणी चढतंय आणि आकडा उतरतोय

काही वर्षांपूर्वीची जुलैमधली सकाळ. मालवण तालुक्यातल्या एका पुलावर मी छत्री धरून उभा होतो. पुलाच्या गर्डरखाली आम्ही रडार सेन्सर बसवला होता. नदीची पातळी मोजायची, धोका दिसला की खालच्या वाडीत भोंगा वाजवायचा, असं काम. शेजारी एक आजोबा उभे होते, सगळा जन्म खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवण्यात गेलेला. माझ्या मोबाइलात डोकावून म्हणाले, "अरे झिला, पाणी चडता आणि तुमचो आकडो उतरता. ह्या कसा?"

माझ्या पोटात गोळा आला. तो सेन्सर वरून खाली बघतो. पाणी किती खोल आहे हे त्याला कळत नाही, त्याला कळतं ते आपल्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर. पाणी वर आलं की अंतर कमी होणारच. सेन्सरवाल्यांनी अंतर पाठवलं, सॉफ्टवेअरवाल्यांनी तीच पातळी धरली. भोंगा वाजणार होता आकडा ठरलेल्या हद्दीच्या वर गेल्यावर. म्हणजे पूर जितका मोठा, तितका आमचा भोंगा गप्प. त्या दिवशी पाणी रस्त्याला न लागताच ओसरलं, म्हणून निभावलं.

दोन्ही टीमच्या टेस्ट पास होत्या, खोटं कुणीच बोललं नव्हतं. सेन्सर टेपने मोजून तपासलेला, सॉफ्टवेअर बनावट डेटावर तपासलेलं. चूक होती ती दोघांच्या मधल्या सांध्यात. आणि तो सांधा कुणाचा, हे आमच्या एकाही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

कागद नव्हते असं नाही. बार चार्ट होता, बजेट होतं, दर सोमवारी मीटिंग होती. टेंडरमध्ये मागितला होता म्हणून सिस्टीम्स इंजिनिअरिंगचा, म्हणजे सगळे भाग एकमेकांशी कसे जुळवायचे याचा, आराखडाही होता, आधीच्या प्रोजेक्टमधून उचललेला, नाव बदललेला. तो कुणी उघडून वाचला नाही. मीही नाही. काम कधी संपणार हे बार चार्ट सांगतो. गरज कुणी लिहायची, ती कुठल्या टेस्टने सिद्ध होणार, मधेच बदल झाला तर कुणाकुणाला कळवायचं, कुठल्या रिव्ह्यूला "थांबा" म्हणायचा अधिकार कुणाला, हे या दुसऱ्या आराखड्याने सांगायचं असतं. म्हणून तो पहिल्या महिन्यात, त्याच प्रोजेक्टसाठी, काम करणाऱ्या माणसांनी एकत्र बसून लिहायला हवा.

आणि नुसतं लिहूनही भागत नाही. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गेलं आणि हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स-सेकंद या इंग्रजी मापात आकडे देत होतं, पुढचं ते न्यूटन-सेकंद या मेट्रिक मापातले समजत होतं. तिथे एकक कोणतं वापरायचं हे कागदावर लिहिलेलं होतं! ते पाळलं गेलंय का, हे वेळेत पकडलं गेलं नाही. म्हणून प्रत्येक सांध्यापुढे मी दोन नावं लिहायला लावतो, एक पाळणाऱ्याचं, एक तपासणाऱ्याचं. खात्याचं नाव चालत नाही, माणसाचं लागतं.

आपल्याकडे तर आराखड्याचा खरा धनी पाऊस. कोकण रेल्वेकडे बघा. पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं, डोंगर कापून रूळ नेलेत त्या कटिंगमध्ये गस्त, काली, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा, जोराच्या पावसात पुढचं दिसेनासं झालं की वेग ताशी ४० किलोमीटरवर. गाडीचा वेग नुसत्या इंजिनावर ठरत नाही. डोंगर, पाऊस, गस्तवाला, सिग्नल, ड्रायव्हर हे सगळं एकत्र धरून तो ठरतो. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर आदळून गाडी घसरली, ते ज्यांना आठवतं, त्यांना या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

आमचं वेळापत्रक मात्र उलटं होतं. दिवाळीनंतर खरेदी, मे महिन्यात बसवणं, जूनमध्ये पाऊस. पाण्यावरची पहिली खरी टेस्ट म्हणजे थेट पूर. हा धोका कुठल्याच रकान्यात नव्हता.

पुढच्या कामाला आम्ही ते फिरवलं. जानेवारीतच सेन्सर, मोडेम, सॉफ्टवेअर आणि भोंगा अशी अख्खी साखळी एका जेटीवर लावली. समुद्र दिवसातून दोनदा पाणी चढवून उतरवून दाखवतो, फुकट, तेही वेळापत्रक छापून. पौर्णिमेच्या उधाणाला रात्री जागून दर पंधरा मिनिटांनी खांबावरची पट्टी वाचली आणि आकडा ताडून पाहिला. मग मुद्दाम लाईट घालवली, मोबाइलचं सिमही काढलं. तौक्ते वादळानंतर गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. तसल्या रात्री निरोप कसा पोचणार, हा प्रश्न आम्हाला जेटीवर पडला ते बरं झालं. बॅटरी आणि दुसरा रेडिओ त्या टेस्टनंतर आले.

भोंगा कधी वाजायला हवा, हे ठरवायला मी त्या आजोबांना बोलावलं. ते पातळीवर बोललेच नाहीत. म्हणाले, भरती आणि वरचा पाऊस एका वेळी आला तर पाण्याला खाली जायला वाट राहत नाही, तेव्हा लवकर वाजवा, ओहोटी असेल तर थोडं थांबलात तरी चालेल. खाडीकाठच्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे ठाऊक असतं. आमच्या आराखड्याच्या चाळीस पानांत ते नव्हतं. आता गरजांच्या यादीत ते पहिल्या नंबरवर आहे, आणि ते तपासायची टेस्ट येत्या अमावास्येला आहे. आजोबा येणार आहेत.